युवक-साहाय्य संस्थांचे चालक आणि आधारवर्ग (विंझर परिसर)

युवक-साहाय्य संस्था म्हणजे शिक्षण, निवास, व्यवसाय-प्रशिक्षण, खेळ किंवा आरोग्य यांपैकी एका वा अनेक बाबतींत तरुण मुलामुलींना नफ्याचा हेतू न ठेवता मदत करणारी आणि लोकांच्या देणग्यांवर व श्रमांवर चालणारी संस्था होय. तिच्या कारभाराची कायदेशीर जबाबदारी ज्यांच्यावर असते ते विश्वस्त व पदाधिकारी, रोजचे काम पाहणारे पूर्णवेळ कार्यकर्ते आणि कर्मचारी, तसेच पैसा, धान्य, जागा, वेळ किंवा विद्या देणारे हितचिंतक अशा तिघांच्या बळावर ती उभी असते. यांपैकी पहिल्या गटाची नावे वार्षिक अहवालात छापली जातात, तिसऱ्या गटाच्या नावांचे फलक इमारतीवर लागतात, आणि ज्याच्या कामावर संस्थेचे यश प्रत्यक्षात अवलंबून असते त्या मधल्या गटाची नोंद बहुधा कोठेच होत नाही. प्रस्तुत नोंदीत या तिन्ही गटांचा विचार पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्हे भागाच्या, विशेषतः विंझर परिसराच्या संदर्भात केला आहे.

विंझर हे गाव नसरापूर–वेल्हे रस्त्यावर, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या मुलखात, गुंजण मावळात वसलेले आहे. ज्या वेल्हे तालुक्यात ते मोडते त्याचे नाव आता राजगड असे करण्यात आले असले, तरी लोकांच्या बोलण्यात वेल्हे हेच नाव अजून रूढ आहे. २०११च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, म्हणजे पुणे जिल्ह्यातील हा सर्वांत कमी वस्तीचा तालुका. भात आणि नाचणी ही येथील मुख्य पिके आहेत. पाऊस भरपूर असला तरी शेतजमीन तुकड्यातुकड्यांची आणि उताराची असल्याने एका पिकावर वर्ष निघत नाही, आणि म्हणून घरटी एक तरी माणूस पुण्याला किंवा मुंबईला कामाला असणे ही येथील जुनी रीत आहे. विंझरला अमृतेश्वर महाविद्यालय असल्याने पदवीपर्यंतचे शिक्षण गावाजवळ शक्य झाले आहे. तरीही केळद, पासली यांसारख्या घाटमाथ्याकडील गावांतील मुलांना माध्यमिक शाळेपासूनच एसटीच्या वेळापत्रकावर किंवा वसतिगृहावर अवलंबून राहावे लागते, आणि व्यावसायिक शिक्षणासाठी पुणे गाठावेच लागते. मदतीची गरज आणि मदत करणारे हात यांच्यामधील हे अंतर या भागातील प्रत्येक संस्थेच्या रचनेवर परिणाम करते.

महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा दोन कायद्यांखाली नोंदवली जाते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार किमान सात व्यक्ती एकत्र येऊन विधानपत्र, म्हणजे संस्थेच्या उद्देशांचा लेख, आणि नियमावली सादर करतात. त्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंद होते. या कार्यालयाच्या नोंदवहीत विश्वस्तांची नावे, मालमत्ता आणि उद्देश लिहिलेले असतात, आणि त्यांत काही फरक पडल्यास कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत ‘बदल अर्ज’ दाखल करावा लागतो. स्थावर मालमत्ता विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असल्यास कलम ३६ खाली पूर्वपरवानगी लागते, आणि हिशेबांची दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासणी व्हावी लागते. या तरतुदींचा अर्थ असा की विश्वस्त हा संस्थेचा मालक नसून दुसऱ्यांसाठी ठेवलेल्या धनाचा राखणदार आहे. पुष्कळ लहान संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे दाखल होत नाहीत. परिणामी दिवंगत झालेल्या व्यक्ती कागदोपत्री विश्वस्त राहतात, नव्या माणसांच्या सहीला बँकेत मान मिळत नाही, आणि चांगले चाललेले काम वादात सापडते. कागदाचा हा कंटाळा मोठ्या आर्थिक अडचणीइतकाच घातक ठरतो.

तरुणांच्या शिक्षणाला समाजाने आधार देण्याची परंपरा या भागाला नवी नाही. पुण्यात शिकायला आलेले गरीब विद्यार्थी आठवड्यातील एकेका दिवशी एकेका घरी जेवत, त्याला वार लावून जेवणे म्हणत. घरोघर शिजलेले अन्न मागून आणण्याला मधुकरी म्हणत. या विखुरलेल्या दातृत्वाला संस्थेचे रूप देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १९०९ साली दादासाहेब केतकर आणि त्यांचे सहकारी यांनी सुरू केलेले अनाथ विद्यार्थी गृह, जे पुढे पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखले जाऊ लागले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी त्याआधीच मुरूड फंडाच्या रूपाने, गाव सोडून नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी गावासाठी नियमित वर्गणी द्यावी, अशी व्यवस्था सुरू केली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंड योजना राबवली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. त्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने विकले. महाराष्ट्रातील युवक-साहाय्याच्या इतिहासात आश्रयदाता म्हणून ज्यांचे नाव प्रथम घ्यावे अशा त्या आहेत, मात्र त्या कोणत्याही देणगीदारांच्या यादीत नव्हत्या.

वेल्हे, भोर यांसारख्या तालुक्यांतून पुण्यात येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय संस्था म्हणजे डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ साली पुण्यात स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती. ग्रामीण भागातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बळ पण शिकण्याची उमेद असलेल्या मुलामुलींना निवास आणि भोजन अल्प खर्चात देणे हे तिचे मुख्य काम असले, तरी तिची खरी ओळख तिच्या कारभाराच्या पद्धतीत आहे. वसतिगृहाची स्वच्छता आणि स्वयंपाकघरातील मदत विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करावी, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वानुसार काही तास काम करून आपल्या खर्चाचा वाटा उचलावा, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर संस्थेशी नाते तोडू नये, अशी ही पद्धत आहे. निर्मला पुरंदरे यांनी या समितीच्या कामात दीर्घकाळ भाग घेतला आणि १९८१मध्ये वनस्थळी ग्रामीण विकास केंद्राची स्थापना करून खेड्यांतील स्त्रियांना बालवाडी-शिक्षिका म्हणून घडवण्याचे काम हाती घेतले. एका संस्थेत घडलेला कार्यकर्ता दुसरी संस्था जन्माला घालतो, याचे हे ठळक उदाहरण होय. समितीचे माजी विद्यार्थी पुढे देणगीदार, मार्गदर्शक आणि विश्वस्त म्हणून परत येतात, आणि हाच तिचा सर्वांत भरवशाचा आधारवर्ग आहे. ज्याने वसतिगृहाच्या पातेल्यातील भात खाल्ला आहे, त्याला तेथील अडचण समजावून सांगावी लागत नाही.

प्रत्यक्ष भोर-वेल्हे भागात रुजलेल्या कामांपैकी ज्ञान प्रबोधिनीचे काम महत्त्वाचे आहे. डॉ. विनायक विश्वनाथ तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात स्थापन केलेली ही संस्था बुद्धिमान मुलांचे शिक्षण आणि नेतृत्वविकास यांसाठी प्रसिद्ध असली, तरी तिने शिवगंगा खोऱ्यात, शिवापूरच्या परिसरात, शेती, उद्योग आणि शिक्षण यांची जोड घालून ग्रामविकसनाचे काम सुरू केले आणि पुढे ते वेल्हे तालुक्यापर्यंत नेले. या भागात तिने प्रामुख्याने ग्रामीण स्त्रियांचे बचत गट उभे केले, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम जमा करून आपसांत कर्ज देणारे दहा-वीस जणींचे गट; आणि शाळा लांब असल्याने ज्यांचे शिक्षण थांबण्याचा धोका होता अशा मुलींसाठी निवासाची सोय केली. बचत गटाचा आणि युवक-साहाय्याचा संबंध सहज लक्षात येत नाही, पण तो खोल आहे. आईच्या हातात स्वतःचा पैसा आणि सभेत बोलण्याची सवय आली, की मुलीला दहावीनंतर पुढे शिकवायचे का, या प्रश्नावर घरात एक नवे मत तयार होते. आप्पा पेंडसे यांचे १९८३मध्ये निधन झाल्यानंतरही हे काम थांबले नाही. संचालकपदाची धुरा पुढे डॉ. गिरीश बापट यांनी दीर्घकाळ सांभाळली. संस्थापकामागे संस्था टिकते की नाही, ही कोणत्याही चालकवर्गाची पहिली मोठी परीक्षा असते, आणि तिची तयारी संस्थापक हयात असतानाच व्हावी लागते.

याच संदर्भात पुण्यातील स्व-रूपवर्धिनीचा उल्लेख केला पाहिजे. किशाभाऊ पटवर्धन यांनी १९७९मध्ये पूर्व भागातील पेठांमधील वस्त्यांतील मुलांसाठी सुरू केलेल्या या संस्थेत, सायंकाळच्या अभ्यासवर्गांना येणारी मुलेच मोठी होऊन पुढच्या मुलांना शिकवतात, आणि त्यामुळे लाभार्थी व कार्यकर्ता हा भेद हळूहळू पुसला जातो.

मावळातील खेड्यांत नोंदणीकृत संस्थेपेक्षा जुनी आणि अधिक परिचयाची रचना म्हणजे तरुण मंडळ. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सचिव आणि मार्गदर्शक अशी त्याची पदे असतात. गणेशोत्सव, ग्रामदैवताची यात्रा, शिवजयंती, क्रिकेट वा कबड्डीचे सामने ही त्याची वर्षभराची कामे. आणि उंबऱ्यामागे ठरलेली वर्गणी हे त्याचे उत्पन्न. त्याला जोडूनच शहरात राहणाऱ्या गावकऱ्यांचे मंडळ असते, ज्याला गावात ‘मुंबईकर मंडळी’ किंवा ‘पुणेकर मंडळी’ म्हणतात. माथाडी कामगार, गिरणी कामगार, चालक, पोलीस, शिक्षक अशा पेशांतील ही माणसे यात्रेचा खर्च, मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेसाठी संगणक, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार यांसाठी पैसा उभा करतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असल्यास धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली मर्यादित मुदतीची परवानगी घ्यावी लागते, याची जाणीव गणेशोत्सवाच्या निमित्ताने बऱ्याच मंडळांना झाली आहे. या रचनेचे बळ असे की ती कोणाच्या अनुदानावर अवलंबून नाही आणि तिचा हिशेब पारावर, सर्वांच्या समक्ष वाचला जातो. तिची उणीव अशी की तिच्या पदांवर मुली जवळजवळ कधीच नसतात, भावकीचे ताण तिच्यात उतरतात, आणि निवडणुकीच्या वर्षी पुढाऱ्याने दिलेली देणगी मंडळाची दिशा बदलून टाकते. एका दिवसाच्या सत्कारावर होणारा खर्च एखाद्या मुलीच्या वर्षभराच्या बसपासावर आणि पुस्तकांवर वळवणारी मंडळे अजून थोडी आहेत. ती वाढण्याची नितांत गरज आहे.

अलीकडच्या काळात कंपन्या हा नवा आश्रयदाता पुढे आला आहे. कंपनी अधिनियम २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एका मर्यादेपर्यंत पोहोचतो त्यांना, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पुणे-सातारा महामार्गालगत खेड-शिवापूर आणि शिरवळ येथे कारखानदारी वाढलेली असल्याने हा निधी भोर-वेल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे. मात्र तो घेण्यासाठी प्राप्तिकर कायद्याखालील नोंदण्या, प्रकल्प-प्रस्ताव आणि तिमाही अहवाल लागतात, आणि ते करू शकणारा माणूस खेड्यातील संस्थेकडे नसतो. परिणामी निधी शहरातील अहवाल-निपुण संस्थांकडे जातो, किंवा स्थानिक संस्थेला संगणककक्ष मिळतो आणि तो चालवणाऱ्या शिक्षकाचे मानधन मिळत नाही. इमारतीला पैसा देणे सोपे आणि माणसाला पैसा देणे अवघड, ही या निधीची मोठी मर्यादा आहे.

या सर्व रचनेत ज्याच्या खांद्यावर रोजचा भार असतो तो निवासी कार्यकर्ता, म्हणजे वसतिगृहाचे अधीक्षक किंवा गृहमाता, संध्याकाळचा अभ्यास घेणारी ताई, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी. पावसाळ्यात रस्ता बंद झाल्यावर मुलांना थांबवून घेणे, तापलेल्या मुलीला रात्री ग्रामीण रुग्णालयात नेणे, बालविवाहाची बोलणी कानावर येताच घरी जाऊन वडिलांशी बोलणे, ही कामे कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे समजल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ते दडवल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. तेव्हा निवासी कार्यकर्त्याची निवड, प्रशिक्षण आणि त्याला मिळणारे वेतन या बाबी विश्वस्तांच्या जबाबदारीचा गाभा ठरतात. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाच्या त्यागाचे कौतुक करून वेतनाचा प्रश्न टाळणे हा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्या संस्थेत चांगली माणसे टिकत नाहीत.

विंझर परिसराचा विचार करता आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. या भागात काम करणाऱ्या मोठ्या संस्थांची मुख्य कार्यालये पुण्यात आहेत, त्यामुळे निर्णय शहरात आणि काम खोऱ्यात अशी विभागणी होते; दुसरीकडे गावातील तरुण मंडळांना माणसांची नस माहीत असते, पण कायदा आणि हिशेबाची शिस्त नसते. या दोहोंना जोडणारी पिढी आता तयार आहे, कारण याच खोऱ्यातून शिकून पदवीधर झालेली मुले-मुली शिक्षक, परिचारिका, लेखापाल, वकील म्हणून काम करू लागली आहेत. त्यांना सत्काराच्या खुर्चीवर न बसवता विश्वस्त मंडळात, सहीच्या अधिकारासह घेतले पाहिजे, त्यांत निम्म्या तरी मुली असल्या पाहिजेत, आणि त्यांची नावे बदल अर्जाद्वारे धर्मादाय कार्यालयात वेळेवर नोंदवली गेली पाहिजेत. नियमावलीत विश्वस्तपदाची मुदत ठरवून देऊन हे आजही करता येते. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.