कबड्डीची धाकटी भावंडे : भिलाई ते जकार्ता

१/ २४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धेतील महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे पराभूत केले. विजेत्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मराठी मातीतला हा खेळ इतरांना शिकवण्याचा निर्णय चार दशकांपूर्वीच झाला होता. त्या निर्णयाची ही गोष्ट.

२/ माणदेशातील म्हसवडपासून कृष्णाकाठच्या सांगलीपर्यंत जुनी माणसे या खेळाला हुतुतू म्हणत. बंगालात तो हाडुडू, दक्षिणेत चेडुगुडू. नावे निराळी, तसे नियमही निराळे. त्यांना एका सूत्रात बांधण्याचे आरंभीचे प्रयत्न महाराष्ट्रात आणि बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत झाले.

३/ १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्यांत कबड्डीही होती. परंतु प्रात्यक्षिकाला प्रेक्षक पुरतात, स्पर्धेला प्रतिस्पर्धी लागतो. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, तरी देशाबाहेर खेळायचे कोणाशी, हा प्रश्न उरलाच.

४/ येथे आंतरराष्ट्रीय क्रीडाकारणाचे गणित समजून घ्यायला हवे. ऑलिंपिकच्या सनदेत दीर्घकाळ असा दंडक होता की, पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत व चार खंडांत, तर महिलांचा ४० देशांत व तीन खंडांत रुजलेला असावा. या मोजणीत लाखो खेळाडूंचा भारत एक आणि मोजक्या खेळाडूंचा चिमुकला देशही एकच. म्हणजे खेळाचे भवितव्य धाकट्या संघटनांच्या हाती!

५/ पहिला सोबती शेजारीच लाभला. १९७४ मध्ये भारतीय संघ नवजात बांगलादेशच्या दौऱ्यावर गेला. १९७८ मध्ये भिलाई येथे भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळच्या प्रतिनिधींनी आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना केली.

६/ त्यानंतरचे काम गाजावाजाचे नव्हते. १९७९ मध्ये सुंदर राम हा खेळ शिकवण्यासाठी जपानला गेले. १९८० मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रदर्शनीय खेळाचे स्थान मिळाले.

७/ नियम आणि संघटना यांसाठी आयुष्य वेचणाऱ्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव अग्रभागी. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात 'कबड्डी दिन' म्हणून साजरा होतो.

८/ १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाली. संघ सहा : भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, जपान आणि यजमान चीन. भिलाईला जमलेल्या चौघांपलीकडचे दोन संघ मैदानात उतरले, हे त्या बारा वर्षांचे फलित.

९/ परंतु दुसरी अडचण उभी राहिली. १९९० ते २०१४ या काळातील पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली. निकाल आधीच ठाऊक असेल, तर इतर देश त्या खेळावर पैसा का खर्च करतील? २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने परदेशी खेळाडूंना मानधन आणि वर्षागणिक अव्वल सराव दिला. इराणचा फजल अत्राचली आणि कोरियाचा जांग कुन ली येथेच नावारूपास आले. २०१६ च्या अहमदाबाद विश्वचषकात कोरियाने सलामीलाच भारताला ३४-३२ असे नमवले.

१०/ मग आले जकार्ता. पुरुषांत कोरियाने साखळीत २४-२३, तर इराणने उपांत्य फेरीत २७-१८ अशी मात केली. महिलांत शैलजाताईंनी घडवलेला संघ जिंकला. चढाई-पकडीच्या जोडीला त्यांनी इराणी मुलींना योग आणि प्राणायामही शिकवला होता.

११/ याच जकार्तात एक उलटा प्रसंगही घडला. पत्त्यांचा खेळ ब्रिज येथे प्रथमच आशियाई स्पर्धेत आला. त्याचा जागतिक महासंघ १९५८ मध्ये ऑस्लो येथे युरोप आणि अमेरिका खंडांच्या पुढाकाराने स्थापन झालेला. कबड्डीत थोरला असलेला भारत ब्रिजच्या त्या घरात धाकटाच. तरीही ६० वर्षांचे प्रणव बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचे सुवर्ण भारतात आणले. धाकट्यांना पंगतीत जागा मिळाली की काय होते, हे भारताने त्या एकाच स्पर्धेत दोन्ही बाजूंनी अनुभवले.

१२/ २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णे परत मिळवली. महिलांचा अंतिम निकाल होता २६-२५, प्रतिस्पर्धी चिनी तैपेई. अवघ्या एका गुणाचा फरक! कबड्डी अद्याप ऑलिंपिकबाहेर आहे. तिथवर पोहोचायचे, तर असे एका गुणाचे सामने वाढायला हवेत, आणि त्यांतले काही भारत हरणारही. भिलाईला लावलेल्या रोपाची ही किंमत आहे, आणि त्याचे फळही हेच.