टाकळीचे शंख

जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. त्या बाजूस विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण लागतो. कोठे कोठे दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. हा पाषाण म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वर येऊन थिजलेला लाव्हा होय. लेण्याद्रीची लेणी ह्याच खडकात कोरलेली आहेत. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर दुसरा पसरेपर्यंत जो काळ लोटला, त्याची खूण म्हणजे ती तांबडी माती. तापलेल्या रसात जीव टिकत नाही हे उघडच आहे. तथापि अशा विश्रांतीच्या काळात जेथे तळी साचली, तेथील गाळात तेव्हाचे चिमुकले जीव दगड होऊन राहिले. मुंबईस वरळीच्या टेकडीत असा गाळ सापडला व त्यातील इवल्याशा बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन ह्यांनी १८४७ साली केले. परंतु असे जीवाश्म गोळा करण्याच्या छंदाचे आपल्याकडील उत्तम उदाहरण पाहावयाचे, तर पारगावाहून पूर्वेकडे थेट नागपुरास गेले पाहिजे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. धर्मोपदेश व शाळा हा त्याचा व्यवसाय. दगड हा फावल्या वेळचा नाद. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर ह्यासही तोच नाद होता. सीताबर्डीची टेकडी व टाकळीचा परिसर धुंडाळताना लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळात ह्या दोघांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि भुंग्यांचे पंख मिळाले. १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय नियतकालिकात दोघांचा निबंध छापून आला. १८६० साली हिस्लॉपने आणखी एक निबंध लिहिला. त्याच वेळी भुंग्यांच्या पंखांचे वर्णन अँड्र्यू मरे ह्यांनी व डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या शिंपलीधारी जलजीवांचे वर्णन रूपर्ट जोन्स ह्यांनी केले. नागपूरच्या रपेटीत वेचलेली वस्तू ज्याचा त्या विषयात अधिकार त्याच्या हाती पोहोचली, ही ह्या छंदाची पहिली सार्थकता आम्ही समजतो.

हिस्लॉपचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. हा गाळ डायनोसॉर नावाचे प्रचंड सरट नष्ट झाल्यानंतरच्या युगाचा, असे त्याचे मत होते. १९३४ साली बिरबल साहनी ह्यांच्यासारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानेही अश्मीभूत वनस्पतींच्या आधारे तोच पक्ष घेतला. वादाचा विषय लहान नव्हता. लाव्ह्याचा हा महापूर सरटांच्या डोळ्यांदेखत आला असेल, तर त्यांच्या नाशाशी त्याचा काही संबंध होता काय, हा प्रश्न उभा राहतो. तो मागाहून आला असेल, तर प्रश्नच मिटतो. पुढे हैदराबादेजवळील नसकल येथे, लाव्ह्याच्या थरांमधल्याच गाळात, जी. व्ही. आर. प्रसाद व बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी ह्यांना एका उंदराएवढ्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. एकेक दात मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. हा प्राणी डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला ठरला. १९८८ साली त्याचे नामकरण झाले, ते ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी’ असे. हिस्लॉपच्या मताविरुद्ध साक्ष देणाऱ्या प्राण्यास त्याचेच नाव मिळाले; ह्याहून उमदा मान शास्त्रात क्वचितच कोणास मिळाला असेल.

हे औदार्य अकारण नाही. मत चुकले तरी नमुना खोटा होत नाही, मात्र तो कोठला व कोणत्या थरातला हे लिहून ठेवलेले असावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हिस्लॉपने आपल्या लेखांत नोंदवले होते. त्याच पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतील सूक्ष्म गारकण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते ही पाठ्यपुस्तकांतील समजूत बदलावी लागली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉपचा अंत झाला. टाकळीवर आज नागपूर शहर पसरले आहे. नव्या घराचा पाया खणला जातो, तेव्हा उपसलेला गाळ भराव म्हणून निघून जातो, आणि त्याबरोबर एखाद्या तळ्याची शेवटची पाने जातात. ती परत छापली जाणार नाहीत. म्हणून घरातील मुलास दगड वेचण्याचा नाद लागला, तर पालकांनी त्याला रागे भरू नये. त्याच्या हाती एक वही द्यावी आणि प्रत्येक खड्याला क्रमांक घालून गाव, जागा, थर व तारीख लिहावयास शिकवावे. जागा न लिहिलेला शंख कपाटाची शोभा वाढवील. जागा लिहिलेला शंख सव्वाशे वर्षांनीही एखाद्या वादात साक्ष देईल.