पाला, ऊन आणि भूक : वाळवणाचा इतिहास

१/७
२० डिसेंबर १९५६. अमरावतीकडे नेले जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, संत गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या दशसूत्रीत पहिले स्थान भुकेल्यांच्या अन्नाला आहे. ज्या वऱ्हाडात ते जन्मले, तेथील एका साध्या रीतीत अन्न वाया न घालवण्याचे शास्त्र दडलेले आहे.

२/७
हरभरा फुलावर येण्यापूर्वी त्याचे शेंडे खुडतात. त्याने झाडाला अधिक फांद्या फुटतात. खुडलेला पाला फेकून न देता वाळवला जातो आणि उन्हाळ्यात, शिवारात हिरवे काही नसताना, त्याचीच भाजी रांधली जाते.

३/७
गणित सोपे आहे. पाल्यात ८५ टक्के पाणी धरले, तर १०० किलोंत घन भाग १५ किलो. ओलावा ६ टक्क्यांवर आणला की सुमारे १६ किलो वाळवण हाती येते. पाण्यावाचून बुरशी वाढत नाही. खनिजे आणि तंतू मात्र टिकतात.

४/७
युरोपात हेच काम युद्धाने पुढे नेले. १८५० च्या सुमारास मासाँ या फ्रेंच उद्यानप्रमुखाने भाज्या वाळवून, दाबून त्यांच्या वड्या केल्या. क्रिमियाच्या युद्धात त्या सैन्याच्या शिध्यात गेल्या. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांनी मात्र अशा वड्यांची यथेच्छ टिंगल केली.

५/७
उणीव कोठे होती? वाळल्यावरही भाजीतील विकरे रंग आणि चव बिघडवत राहतात. वाळवण्यापूर्वी भाजी उकळत्या पाण्यातून वा वाफेतून काढली की ती निष्प्रभ होतात. थेट उन्हाने ‘अ’ जीवनसत्त्वाचा स्रोत असलेले कॅरोटीन नष्ट होते; म्हणून पाला सावलीत वाळवणे शास्त्राला धरूनच आहे.

६/७
महाराष्ट्रातील ‘एस४एस टेक्नॉलॉजीज’ने हे सूत्र सौर वाळवणी यंत्रात आणले. शेतकरी महिला त्यावर नासू शकणारा माल वाळवतात आणि तो अन्नउद्योगाला कच्चा माल म्हणून जातो. २०२३ मध्ये या कामाला ‘अर्थशॉट’ पुरस्कार मिळाला.

७/७
फुलकोबी आणि मुळ्याचा पाला आजही बाजारात ढिगाने टाकला जातो. त्यात कॅल्शियम भरपूर असते; वाळवून दळला तर तो भाकरीच्या पिठात मिसळता येतो. पण वाळवताना पोषण एकवटते, तसे फवारणीचे विषही एकवटू शकते. भुकेल्याच्या ताटात उरलेसुरले नव्हे, निवडलेले आणि धुतलेले अन्नच गेले पाहिजे. खराटा हाती घेणाऱ्या गाडगेबाबांच्या भूमीत अन्न आणि स्वच्छता ही दोन वेगळी व्रते नाहीत.