जकातीचा पैसा आणि पालिकेची शाळा

पुण्याच्या जुना गंज पेठेत राहणाऱ्या एका व्यापारी-शेतकऱ्यानं १९ ऑक्टोबर १८८२ रोजी सरकारच्या शिक्षण आयोगापुढं एक निवेदन ठेवलं. आयोगाचे अध्यक्ष होते विल्यम हंटर आणि निवेदन होतं जोतीराव फुले यांचं. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्याच निवेदनात एक रोकडा हिशेबही आहे, आणि त्याच्याकडं आपलं लक्ष कमी जातं. सरकारी तिजोरी रयतेच्या घामानं भरते, मग शाळा कुणाच्या वाट्याला येते, हा जोतीरावांचा सवाल होता.

त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला मिळे. जोतीरावांनी मागितलं की निम्मा द्या, आणि तोही फक्त प्राथमिक शाळांना. मोठ्या शहरांत हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकेनं उचलावा. कारभार मात्र सगळाच तिच्यावर सोपवू नये, शिक्षण खात्याची देखरेख हवी. जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा हे अनुभवाचे बोल होते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत गरिबांच्या वस्तीत उपयोगाची नाही. जिथं शिक्षणाची गोडीच अजून लागायची आहे, तिथं निकाल कुठून आणणार?

मित्रहो, हा हिशेब हाती घेऊन आता पिंपरी-चिंचवडला येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, बजाज आली, टेल्को आली. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. जोतीरावांच्या निवेदनाला शंभर वर्षं पुरी व्हायला तेव्हा आठच दिवस उरले होते.

या महापालिकेला आशिया खंडातली सर्वांत श्रीमंत म्हणत. ती श्रीमंती आली जकातीतून. नाक्यावर ट्रक थांबायचा, मालावर जकात भरली जायची, पावती फाटायची. पावतीवर नाव कंपनीचं किंवा व्यापाऱ्याचं असे. पण जकात शेवटी मालाच्या किमतीत मिसळे, आणि त्या मालात मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापुराकडून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेल्या कामगारांचं कष्ट असे. त्यांचीच मुलं पालिकेच्या मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी शाळांत बसत आली. म्हणून या शाळांवर झालेला खर्च हा उपकार नव्हे. ती घेतलेल्या पैशाची परतफेड आहे.

१ एप्रिल २०१३ पासून इथली जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये तोही बहुतेकांना माफ झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि पालिकेला राज्याकडून भरपाई मिळू लागली. नाके ओस पडले. पूर्वी नाक्यावर जमा होणारा पैसा आता मंत्रालयातून येतो.

इंद्रायणी ओलांडून चाकणकडं गेलं की चित्र बदलतं. कारखाने तितकेच मोठे, पण खेड तालुक्यातल्या गावांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत. गुरुजींचा पगार सरकारी. नवी खोली, पाण्याची टाकी, संगणक यांसाठी मात्र ग्रामपंचायत, लोकवर्गणी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी यांच्याकडं पाहावं लागतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के अशा कामांना देणं भाग आहे. कुठल्या शाळेला द्यायचे, हे मात्र कंपनी ठरवते. एका गावात रंगीत भिंती आणि शेजारच्या गावात गळकं छप्पर, असं त्यातून होऊ शकतं. कर सर्वांचा असतो, देणगी देणाऱ्याच्या मर्जीची असते.

आणि निकाल? कंत्राट संपलं की बाप गाव बदलतो, मूल शाळा बदलतं. गुरुजींनी वर्षभर घेतलेली मेहनत निकालाच्या तक्त्यात दिसत नाही. जोतीरावांचा आक्षेप इथं आजही जिवंत आहे. तरीही याच पट्ट्यात, आकांक्षा फाउंडेशन चालवत असलेली बोपखेलची पालिकेची इंग्रजी शाळा २०२२ साली आणि खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जागतिक पुरस्काराच्या पहिल्या दहांत पोचली. दोन्ही शाळांची निवड समाजाच्या सहभागासाठी होती, गुणांच्या टक्केवारीसाठी नव्हे.

तो सहभाग आता कायद्यातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि पालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं आणि पैशाच्या वापरावर नजर ठेवणं हे तिचं काम. जोतीरावांनी देखरेख शिक्षण खात्याकडं मागितली होती. आज ती आईबापांच्या हातीही आली आहे. पुढची बैठक असेल तेव्हा मजुरीचा अर्धा दिवस बुडाला तरी जावं, आणि एकच विचारावं : आमच्या नावानं आलेला पैसा आमच्या मुलाच्या वर्गापर्यंत किती पोचला?