रक्ताच्या कुप्यांतील साक्ष

पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयांत १८६८ सालीं झां-मार्तां शार्को यांनीं एका व्याधीचें स्पष्ट वर्णन केलें. ती बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान माणसास गांठते. एखाद्या सकाळीं एका डोळ्यास अंधुक दिसूं लागतें, पाय जड होतात, हात कांपतो. कांहीं आठवड्यांनीं बरें वाटतें, आणि पुन्हां तेंच सुरू होतें. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंत व मज्जारज्जूंत जागोजाग कठीण चट्टे आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिस हें नांव त्या चट्ट्यांवरूनच पडलें आहे. शार्को यांस चट्टे दिसले. ते पाडणारा कोण, हें दिसलें नाहीं.

१९४२ सालीं न्यूयॉर्क येथें एल्विन कॅबट व त्यांचे सहकारी यांनीं मेंदू व मज्जारज्जु यांभोंवतीं खेळणारा द्रव तपासला. निरनिराळीं प्रथिनें विद्युत्प्रवाहांत निरनिराळ्या वेगानें सरकतात, या तत्त्वावर स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनीं बसविलेली रीत त्यांनीं वापरली. कित्येक रोग्यांच्या द्रवांत गॅमा ग्लोब्युलिन अधिक निघालें. शरीराचे प्रतिपिंड याच वर्गांत मोडतात. रक्तांत मात्र तशी वाढ नव्हती. शरीराचें रक्षकदळ जणुं मेंदूच्या आवारांतच ठाण मांडून बसलें होतें. तेव्हां निदानासाठीं पाठींत सुई घालून द्रव काढणें आलें. रक्त मुकेंच राहिलें.

तें बोलतें झालें एका निराळ्याच खात्यामुळें. अमेरिकेच्या सैन्यांत शिरणाऱ्यांचें रक्त प्रारंभीं व पुढें साधारण दर दोन वर्षांनीं एड्सच्या विषाणूसाठीं तपासलें जाई, व उरलेलें सीरम शीतगृहांत ठेवलें जाई. या व्याधीचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत असणें शक्य नव्हतें; पण सरकारी काटकसरीस क्वचित् असेंहि फळ येतें. पुढें रोगी झालेल्या शिपायांचें निरोगी दिवसांतील रक्त त्यामुळें हाताशीं आलें.

हार्वर्डचे अल्बेर्तो आस्केरियो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदी पाहिल्या, व २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९५५ जणांस व्याधि जडली होती. त्यांपैकीं ८०१ जणांचे नमुने तपासतां आले. एकटा वगळतां त्या सर्वांस एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग आधींच झाला होता. त्यांतील ३५ जण आरंभीं या विषाणूपासून मुक्त होते. पैकीं ३४ जणांस तो व्याधीच्या अगोदर लागला. संसर्गानंतर व्याधीचा धोका सुमारें ३२ पटींनीं वाढल्याचें दिसलें. मज्जातंतूंस इजा झाली कीं रक्तांत उतरणारें न्यूरोफिलामेंट नांवाचें प्रथिनहि संसर्गानंतरच चढूं लागलें होतें.

विषाणूस एकट्यास दोषी ठरविण्याची घाई मात्र करूं नये. तो जगांतील बहुतेक प्रौढांच्या शरीरांत जन्मभर दडून असतो, आणि व्याधि जडते ती त्यांतील अगदीं थोड्यांस. त्याच वर्षीं स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, या विषाणूच्या एका प्रथिनाविरुद्ध घडलेला प्रतिपिंड मेंदूंतील ग्लायल-कॅम या प्रथिनासहि चिकटतो. शत्रु समजून स्वकीयांवर वार होतो तो असा. पण असे प्रतिपिंड सर्व रोग्यांत सांपडत नाहींत.

२०२४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनीं सैन्याच्या त्याच कुप्या पुन्हां उघडल्या. सुमारें दहा टक्के रोग्यांच्या रक्तांत, लक्षणें दिसण्यापूर्वीं कित्येक वर्षें, स्वतःच्याच शरीराविरुद्ध असलेल्या प्रतिपिंडांचा एक ठराविक ठसा आढळला. उरलेल्या नऊदशांशांच्या रक्तांत तो ठसा नव्हता.