निळ्या फलकाची कुळकथा

किल्ला, लेणं, जुनी मशीद, कुठेही गेलं की आधी भेटतो तो पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस केल्यास शिक्षा होईल, असा त्याचा मजकूर. तो पूर्ण वाचणारा माणूस विरळाच. पण या फलकालाही कूळ आहे, आणि ते रत्नागिरी जिल्ह्यात नीट उलगडतं.

सुरुवात हर्णैच्या सुवर्णदुर्गापासून करू. बंदरातून होडीने गेलं की दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव दिसतं, तटावर मारुती. तटाचा काही भाग बांधलेला नाहीच. बेटाचा खडकच तासून उभा केलाय. २ एप्रिल १७५५ रोजी कमोडोर विल्यम जेम्सने या किल्ल्यावर तोफा डागल्या. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा, आणि हल्ल्यात इंग्रजांच्या बाजूला होते खुद्द पेशवे. किल्ला पडला, जेम्सचं नाव झालं. १७८३मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने लंडनच्या शूटर्स हिलवर तीन बाजूंचा एक मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गाचाच हा साहेबी उच्चार. तो मनोरा आज ब्रिटनमधल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. म्हणजे जिंकणाऱ्याचं स्मारक तिकडे जपलं जातंय आणि जिंकलेला किल्ला इकडे.

जपायचं ते कायद्याने, ही कल्पना मात्र या दोन्ही वास्तूंपेक्षा तरुण. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांसाठीचा पहिला कायदा १८८२चा. हिंदुस्थानात पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१मध्ये सुरू झालं होतं, पण ते मोजमापं घेई, नकाशे काढी, अहवाल लिही. मालकाने दगड उपसून नेले तर त्याला अडवण्याचं बळ सर्वेक्षणाच्या हाती नव्हतं. ते दिलं लॉर्ड कर्झनच्या काळातल्या १९०४च्या कायद्याने. सरकारने गॅझेटात अधिसूचना काढायची, तिची प्रत स्मारकापाशी ठळक जागी लावायची आणि लोकांच्या हरकतींसाठी एक महिना द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. आपल्या निळ्या फलकाचा मूळपुरुष हाच: स्मारकापाशी डकवलेला कागद. तो धमकी द्यायला नव्हता, लोकांचं म्हणणं मागवायला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५८चा केंद्रीय कायदा आला. त्याने शंभर वर्षांची अट घातली आणि हरकतींची मुदत दोन महिने केली. पाठोपाठ १९६०चा महाराष्ट्राचा कायदा आला. म्हणून सुवर्णदुर्ग केंद्राकडे, तर रत्नागिरी शहरातला थिबा राजवाडा आणि टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर राज्याकडे, अशी वाटणी दिसते. २०१०च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीची अट आली. शिक्षा वाढून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी झाली. फलकावरचा दरडावणीचा सूर आपल्या लक्षात राहतो तो यामुळे.

आता गंमत पाहा. १९०४च्या कायद्यातल्या व्याख्येत इमारती, लेणी, शिलालेख यांच्याबरोबर खडकावरची शिल्पंही होती. पण साहेब बघायचा ते उभं असलेलं: तट, बुरूज, कमान. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, जांभ्यात आडवी कोरलेली चित्रं, म्हणजेच कातळशिल्पं, गुराख्यांच्या पायाखालची होती, यादीत मात्र नव्हती. ती उजेडात आली गेल्या दीड दशकात, आणि तीही मुख्यतः रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांनी सडे तुडवून गावकऱ्यांना विचारलं तेव्हा. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी लहान चित्रं कोरली आहेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. आकार कळायला उंचावर जावं लागतं. २०२२मध्ये कोकणातली नऊ कातळशिल्प-स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचं गोठणं. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले, त्यांत सुवर्णदुर्गही आहे.

सुवर्णदुर्गाला मान सरकारकडून खाली आला. कातळशिल्पांचा मान गावातून वर गेला. मला हा दुसरा क्रम जास्त भरवशाचा वाटतो. कायदा खोदणाऱ्याचा हात धरू शकतो, पण कुठे काय आहे हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सड्यावरची बरीचशी जमीन खासगी आहे. चिऱ्याची खाण किंवा कलमांची लागवड सुरू झाली की एका दिवसात जेसीबी हजारो वर्षांची रेघ खरवडून टाकतो.

म्हणून एवढंच सांगणं: तुमच्या सड्यावर कातळात अशी रेघ दिसली तर फलक लागायची वाट पाहू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि तहसीलदारांना किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि संरक्षणाची अधिसूचना गावात लागली, तर ती मुदतीत वाचा. त्यावर बोलण्याचा हक्क तुम्हाला कायद्यानेच दिलेला आहे.