रिळांचा उलटा प्रवास

सिनेमाचा इतिहास सांगताना आपण दिग्दर्शक, नट आणि गाणी यांविषयी भरभरून बोलतो. ऑपरेटरच्या केबिनमधला रिवाइंडर मात्र विसरतो. टेबलावर समोरासमोर दोन खुंट्या, त्यांतल्या एकीला दातेरी चाके आणि हँडल, एवढेच ते यंत्र. साधारण 2010 ते 2015 या काळात आपली चित्रपटगृहे डिजिटल झाली. नवी मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये आता रीळ दिसत नाही. म्हणूनच या यंत्राचे काम समजून घेणे अगत्याचे आहे.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याची लांबी सुमारे 3,700 फूट, म्हणजे चार रिळे. 1931 साली ‘आलम आरा’ने बोलपट आणला आणि पसारा वाढला. बोलपटात सेकंदाला 24 चित्रे सरकतात. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे मावतात, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म लागते. तीन तासांच्या चित्रपटाची फिल्म झाली 16,200 फूट, जवळजवळ पाच किलोमीटर!

दोन हजार फुटांचे एक रीळ 22 मिनिटांत संपे. तोवर दुसऱ्या प्रक्षेपकावर पुढचे रीळ तयार ठेवावे लागे. संपलेल्या रिळात शेवट बाहेर आणि सुरुवात आत गेलेली असे. ते उलटे गुंडाळल्याशिवाय पुढचा खेळ होत नसे.

गुंडाळण्यात थोडे विज्ञानही आहे. प्रक्षेपकातून फिल्म सेकंदाला सुमारे 46 सेंटिमीटर या ठरावीक वेगाने बाहेर येते. ती गोळा करणाऱ्या रिळाचा गाभा 12 सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर सुरुवातीला ते मिनिटाला सुमारे 73 फेरे घेते. भरत आल्यावर व्यास 36 सेंटिमीटर होतो आणि फेरे 24 वर येतात. वेग असा बदलता ठेवण्यासाठी रिळाच्या दांड्यावर स्प्रिंगने दाबलेली, गरजेनुसार घसरणारी चकती बसवत. ती नसती तर फिल्म तुटली असती.

रिवाइंडरवर हा ताण हातानेच सांभाळावा लागे. सैल गुंडाळून शेवटी जोराने ओढले, की वेढे एकमेकांवर घासत. मधली धूळ फिल्मवर ओरखडे काढी आणि पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या उभ्या रेघा दिसत.

खरा धोका आगीचा होता. जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच सुटतो. त्यामुळे हवा कोंडूनही ती विझत नाही. भारतात 1918 साली झालेल्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचा एक प्रमुख हेतू प्रेक्षकांची सुरक्षितता हाच होता. 1950 च्या सुमारास सहज पेट न घेणारी ॲसिटेट फिल्म रूढ झाली, पण जुन्या फिल्मचा धोका टळला नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा अमोल ठेवा नष्ट झाला.

पुढे परदेशात आडव्या तबकड्यांची यंत्रणा आली. तिच्यात फिल्म गाभ्याकडून बाहेर निघे, त्यामुळे उलटे गुंडाळण्याची गरजच उरली नाही. आपल्याकडच्या बहुतेक केबिनमध्ये मात्र हँडलच फिरत राहिले. जुना चित्रपट आज स्वच्छ दिसतो, तेव्हा त्याचे थोडे श्रेय रीळ जपून गुंडाळणाऱ्या त्या अनामिक हातांनाही द्यायला हवे. मोठ्या कलेचा वारसा अशा छोट्या कामांवर तगतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आम्हाला वाटते.